नोबिलाच्या खड्ड्यात मी आधी उतरले

दिएदोने निकिएमा माझ्या गुलामाच्या मयताला पांढऱ्या गाडीतून आला आणि उतरल्या उतरल्या त्यानं आधी काय पाहिलं असेल, तर लाऊडस्पीकर नीट लागलाय की नाही ते. प्रेताकडे त्याची नजर नंतर गेली, तीही कुणीतरी हात करून दाखवलं तेव्हा. मागच्या गाडीतून दोन माणसं एक लाल मखमली उशी घेऊन उतरली. उशीवर पदक होतं. ऊन असं होतं की पदकाला हात लावला असता तर चटका बसला असता, आणि पहाटेपासून त्याच उन्हात बसलेल्या आमच्या म्हाताऱ्या बायकांना मांडवात जागा नव्हती. मांडव पाहुण्यांसाठी होता.

माझा गुलाम म्हणजे नोबिला सिम्पोरे. आमच्या देशात फ्रेंचमध्ये नाटक लिहिणारा आणि तेच नाटक स्वतः अंगावर घेऊन उभा राहणारा पहिला माणूस, असं आता सगळे म्हणतात. रेडिओवरही म्हणाले. जिवंत होता तेव्हा हे म्हणायला कुणाची जीभ उचलली नाही. मेल्यावर मात्र सगळ्यांना तो पहिला होता हे आठवलं, आणि आपण त्याच्या शेजारीच उभे होतो हेही आठवलं.

गुलाम म्हटलं म्हणून दचकू नका. मी ओनोरीन तोए, जातीची सामो. तो मोशी. सामो आणि मोशी यांच्यात थट्टेचं नातं आहे आणि ते माझ्या पणजीच्याही आधीपासूनचं आहे. भेट झाली की आम्ही त्यांना गुलाम म्हणायचं, त्यांनी आम्हाला कुत्रेखाऊ म्हणायचं. आम्ही त्यांच्या ताटातला मटणाचा तुकडा उचलायचा, त्यांनी आमच्या मुलींच्या लग्नात येऊन नवऱ्यामुलाला नावं ठेवायची. काहीही बोला, राग तेवढा यायचा नाही. ज्याला राग आला, त्याची चारचौघांत किंमत गेली. आणि मोशी मेला की आम्ही सामोंनी जायचं, त्याचे कपडे चढवायचे, त्याच्यासारखं चालून बोलून दाखवायचं, त्याच्या खोड्या गावासमोर काढायच्या, प्रेताची वाट अडवायची आणि काहीतरी खंडणी उकळल्याशिवाय त्याला मातीत जाऊ द्यायचं नाही. घरची माणसं रडत असतात, त्यांना आम्ही रडता रडता हसवतो. हा आमचा हक्क आहे. त्याला कुठल्या साहेबाची परवानगी लागत नाही.

नोबिला नाटक शिकला तो अशाच मयतात. त्याचा आजा गेला तेव्हा तो लहान होता. एक सामो बाई आजाचा अंगरखा घालून अंगणात आली, डावा पाय ओढत चालली, आजासारखी थुंकली आणि बकरीला आजाच्याच शिव्या घालायला लागली. पोरगं रडायचं थांबलं. "आजा उठला," म्हणालं आणि टाळ्या वाजवायला लागलं. ही गोष्ट त्यानं मला इतक्या वेळा सांगितली होती की शेवटी शेवटी मी त्याला म्हणायचे, "बास कर रे गुलामा, त्या बाईनंच तुला जन्म दिला असं सांग एकदाचं." तो म्हणायचा, "दिलाच की. तुम्हा कुत्रेखाऊंचं तेवढं एक काम चांगलं झालं."

फ्रेंच तो पाद्र्यांच्या शाळेत शिकला. तिथं घरची बोली तोंडातून निघाली की पोराच्या गळ्यात लाकडाची फळी अडकवायचे. दिवसभर ती घेऊन हिंडायचं, आणि दुसरा कुणी घरच्या बोलीत बोलताना सापडला की त्याच्या गळ्यात घालून मोकळं व्हायचं. म्हणजे पोरांनीच पोरांवर पाळत ठेवायची. असली अक्कल ज्यांनी काढली, त्यांना मी अजून माफ केलेलं नाही. नोबिलाच्या गळ्यात ती फळी इतकी असायची की मानेला घट्टा पडला होता. वर्षाच्या शेवटी पाद्र्यांनी त्याला राजा केला. फ्रान्सचा कुठलातरी राजा, डोक्यावर लोकरीचा टोप, पायात लोकरीचे मोजे, मार्च महिना. घामानं निथळत त्यानं सगळे संवाद बिनचूक म्हटले आणि शेवटी आपल्या पदरचं एक वाक्य घातलं, की "प्रधानजी, या देशात इतकं उकडतं, तर आपण इथं आलो तरी कशाला?" फ्रेंच इतकं चोख होतं की पाद्र्यांना चूक काढता येईना. त्यांनी त्याला आठ दिवस जेवणानंतर भांडी घासायला लावली. तो म्हणायचा, ते माझं पहिलं नाटक आणि ती भांडी माझं पहिलं मानधन.

स्वातंत्र्य आलं तेव्हा तो शाळामास्तर होता. चांगली नोकरी, सायकल, डोक्यावर पत्रा. त्यानं ती सोडली. एक जुना ट्रक मिळवला, गोणपाटाचा पडदा केला आणि गावोगाव नाटकं करत सुटला. मी तेव्हा दवाखान्यात सुईण होते. बायको कळा देत असताना दारूच्या गुत्त्यावर बसलेल्या एका नवऱ्याला मी दवाखान्याच्या पायरीवरून झापत होते. नोबिला रस्त्यानं चालला होता, तो थांबला.

"ए कुत्रेखाऊ, फ्रेंच येतं का?"

"गुलामाला हुकूम सोडण्यापुरतं येतं."

"भागलं. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर ये."

मी गेले, ती परतलेच नाही म्हणा ना. पुढची सगळी वर्षं दिवसा बाळंतपणं आणि संध्याकाळी नाटक. त्याच्या फ्रेंचमध्ये राजे नव्हते. बाजरी कांडणाऱ्या बायका फ्रेंच बोलायच्या, न्हावी, खाटीक, चोर, सगळे बोलायचे, आणि ते त्यांच्या तोंडी असं बसायचं की राजधानीतले शिकलेले लोक अस्वस्थ व्हायचे. एकानं छापूनही आणलं, की ही भाषा सुसंस्कृत माणसानं बोलण्याच्या लायकीची नाही. नोबिलानं तो कागद ट्रकच्या काचेवर चिकटवला आणि वर्षभर तसाच हिंडवला.

मग 'टाकी' आलं.

नाटक साधं होतं. एका गावात पाण्याची टाकी बांधतात. मोठा साहेब येतो, भाषण करतो, फीत कापतो, टाळ्या होतात, साहेब जातो. पाणी येत नाही. मग दुसरा साहेब येतो, तो त्याच टाकीचं पुन्हा उद्घाटन करतो. मग तिसरा. एक म्हातारी पहिल्या दिवसापासून नळाखाली मडकं धरून बसलेली असते. नोबिला आमच्या भागात होईल त्या प्रत्येक उद्घाटनाला जाऊन शेवटच्या रांगेत बसायचा आणि साहेबांच्या भाषणातली वाक्यं पाठ करून यायचा. ती सगळी शिवून त्यानं एक भाषण केलं. तिन्ही साहेब तेच भाषण करतात. त्यात त्यानं आपलं एकही वाक्य घातलं नव्हतं, सगळी त्यांचीच होती.

साहेबाचं काम करणारा आमचा नट आयत्या वेळी घाबरून मावशीच्या गावाला पळाला. नोबिलानं पोटावर उशी बांधून मला उभं केलं. तो स्वतः म्हातारी झाला. राजधानीतलं मोठं रंगभवन तेव्हा नुकतंच उघडलं होतं, आणि तिथला संचालक होता दिएदोने निकिएमा. परदेशात शिकून आलेला, गुळगुळीत, सगळ्यांशी हसून बोलणारा. नाटक न वाचताच त्यानं आम्हाला तारीख दिली. गावाकडचं नाटक म्हणजे ढोल आणि नाच असणार, असं त्याला वाटलं.

पहिल्या साहेबाचं भाषण झालं तेव्हा लोक हसले. दुसऱ्याचं झालं तेव्हा मागच्या रांगांतली माणसं माझ्याबरोबर वाक्यं म्हणायला लागली, आणि पुढच्या रांगेतली मोठी माणसं खुर्चीत चुळबुळायला लागली. तिसरं भाषण मी संपवलं, फीत कापली, नळ फिरवला. पाणी नाही. म्हातारी मडकं घेऊन उठली, माझ्यासमोर आली. आता नाटकातलं शेवटचं वाक्य होतं, ज्याच्यासाठी अख्खं नाटक लिहिलं ते. नोबिलानं तोंड उघडलं आणि दिवे गेले.

दिवे गेले नव्हते, घालवले होते. निकिएमानं स्वतः आत जाऊन बटण दाबलं, हे पडद्यामागे उभ्या असलेल्या आमच्या माणसांनी पाहिलं. अंधारात लोकांना बाहेर काढलं. ते वाक्य कुणी ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी निकिएमा नोबिलाच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "मित्रा, वीज गेली, काय करणार. आणि जरा सांभाळून लिहीत जा. तुझ्याच भल्यासाठी सांगतो." त्यानंतर रंगभवनाचं दार नोबिलाला कधी उघडलं नाही. बाकीच्या दारांनाही निरोप गेले असणार, कारण शाळांची मैदानंसुद्धा एकाएकी दुरुस्तीला निघाली.

आणि मग काय केलं असेल या माणसानं? डास झाला. दवाखान्यांसाठी, संस्थांसाठी शिकवणुकीची नाटकं असतात ना, हात धुवा, मच्छरदाणी लावा, ती करायला लागला. देशातला पहिला नाटककार पाठीला जाळीचे पंख लावून गावोगाव भणभणत फिरला. एकदा जुलाबाचा जंतू झाला होता. लोक पोट धरून हसायचे, कारण तो जंतूसुद्धा मन लावून करायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "लाज नाही वाटत तुला?" पंखांची दोरी सोडत म्हणाला, "डासाला संवाद कमी आहेत, पण कुणी मधेच दिवे घालवत नाही." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्यावर नव्हे. इतका मोठा माणूस इतका लहान करून ठेवणाऱ्यांवर, आणि वर त्यालाच हसणाऱ्यांवर.

मूत्रपिंडं गेली तेव्हा तो सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात चटईवर होता. त्याची बायको पोको रोज बाजरीचा गोळा आणि भेंडीचं कालवण आणायची, तो दोन घास खायचा. पोको कधी रंगमंचावर चढली नव्हती. कपडे शिवायची, ट्रकमध्ये गाठोडी बांधायची आणि तो रात्री लिहिताना मोठमोठ्यानं वाक्यं म्हणायचा ती ऐकत बसायची. निकिएमा एकदाही आला नाही. व्हरांड्यापासून त्याचं ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर होतं.

एका दुपारी पोको भांडी विसळायला गेली तेव्हा नोबिला मला म्हणाला, "मालकीणबाई, एक काम आहे."

"गुलामानं मालकिणीला काम सांगायचं? ताप चढलाय वाटतं तुला."

"माझ्या मयताला तो येईल. बघशील तू. भाषण घेऊन येईल."

"येऊ दे. मी त्याच्या गाडीखाली झोपेन."

"तसं नको." त्याला दम लागत होता. "माझ्या मयताचं टाकीचं उद्घाटन होऊ देऊ नकोस. एवढंच. हसवून पाठव मला. तो सामो बाईचा हक्क आहे, तो कुणाला देऊ नकोस."

मी म्हटलं, "तुझी बकरी खाईन, तुझी टोपी घालीन आणि तुला खड्ड्यात बसू देणार नाही. आता झोप." त्यानं हात पुढे केला आणि मी त्यावर हात ठेवला. असा वायदा मोडणारी बाई आमच्यात जन्माला आलेली नाही.

तो गेला आणि तासाभरात निकिएमा रेडिओवर रडत होता. मयत गावी, सिम्पोरेंच्या वाड्यात, मागच्या नेरेच्या झाडाखाली होणार होतं. आदल्या दिवशीच त्याची माणसं आली. मांडव, खुर्च्या, माइक, कोण कुठं बसणार, कोण किती बोलणार, सगळं ठरवून आली. त्यांनी पोकोला आणि नोबिलाचा थोरला भाऊ यांबा याला समोर बसवून सांगितलं, की परदेशी पाहुणे येणार आहेत, कार्यक्रम इभ्रतीचा आहे, तेव्हा थट्टेच्या नात्यातल्या लोकांनी फाटकाच्या आत येऊ नये. सामो बायकांचा धिंगाणा पाहुण्यांना कळणार नाही.

धिंगाणा. हा शब्द निकिएमाचा, त्याच्या माणसांनी तो तसाच आणून टाकला. निकिएमा म्हणजे शुद्ध मोशी, त्याच्या बापाच्या मयतात माझ्या चुलत्यांनी प्रेतासमोर लोळण घेतली होती आणि याच्या आईनं त्यांना कोंबडा दिला होता. परदेशात राहून माणूस काय काय विसरतो, पण स्वतःच्या बापाचं मयत विसरलेला मी हा पहिलाच पाहिला.

मी पोकोकडे गेले तेव्हा ती अंगणात बायकांसाठी दारू गाळत होती.

"ऐकलंस ना?" मी विचारलं.

"ऐकलं."

"मग?"

"रंगभवनाला त्याचं नाव देणार म्हणतात. दारावर मोठ्या अक्षरांत. गडबड झाली नाही तर." तिनं वर पाहिलं नाही. "जन्मभर त्यानं काय मिळवलं गं ओनोरीन? डासाचे पंख. निदान नाव तरी लागू दे."

नवरा तिचा गेला होता. मी तिच्याजवळ बसले, गाळणं धरलं. एका बाजूला त्याच्या हातावर ठेवलेला माझा हात आणि दुसऱ्या बाजूला ही. शेवटी म्हटलं, "पोको, तू नको म्हणालीस तर मी नाही येणार. तुझ्या तोंडानं सांग."

तिनं गाळणं माझ्या हातून काढून घेतलं.

"मला काही विचारू नकोस," ती म्हणाली. "त्याची टोपी आतल्या खुंटीवर आहे. अंगरखा पेटीत, वरच ठेवलाय. मागच्या भिंतीला भगदाड आहे, बकऱ्या येतात तिथून."

दुसऱ्या दिवशी फाटकावर हाताला पट्ट्या बांधलेली माणसं उभी होती आणि आमच्या सामो बाया बाहेर रस्त्यावर बसून त्यांना शिव्या घालत होत्या. मी बकऱ्यांच्या वाटेनं आत आले. अंगरखा घातला, टोपी घातली, त्याचा एका बाजूला दोरा बांधलेला चष्मा लावला. नेरेखाली खड्डा तयार होता. खणणारे यांबाचे मुलगे होते. मला पाहून थोरला म्हणाला, "आली का कुत्रेखाऊ." मी म्हटलं, "सरक, गुलामाच्या पोरा, मालकिणीला उतरू दे." त्यानं हात देऊन मला खाली उतरवलं. त्या पोरांना कुणी इभ्रत शिकवली नव्हती, देवाची कृपा.

खाली गारवा होता. मी नोबिलासारखी आडवी झाले, एक पाय दुसऱ्यावर टाकून, टोपी तोंडावर. वरून ढोल ऐकू आले, मग रडणं, मग पावलं. प्रेत खड्ड्याशी येऊन थांबलं. कुणीतरी खाली डोकावलं आणि बायकांत एकदम हशा पिकला, रडण्याच्या मधोमध. मी टोपी वर केली आणि त्याच्या आवाजात म्हटलं, "काय रे, जागा भरली. दुसरीकडे बघा."

यांबा हसला. म्हातारा दोन दिवसांत पहिल्यांदा हसला. "उठ गं बाई, खंडणी सांग."

"खंडणी नंतर. आधी कार्यक्रम होऊ दे. पाहुणे आलेत ना?"

निकिएमाला वाटलं, हे एवढ्यावर निभावलं. पाहुण्यांकडे पाहून तो "लोककला, लोककला" असं काहीतरी म्हणाला. उशीवरचं पदक शवपेटीवर ठेवलं. मग माइकपाशी गेला, खिशातून कागद काढला. माझ्यापासून तो चार हातांवर उभा होता, मला त्याचे चकचकीत बूट दिसत होते.

"आजचा दिवस आपल्या सर्वांसाठी ऐतिहासिक आहे," तो म्हणाला.

हे वाक्य माझं होतं. पोटाला उशी बांधून मी ते म्हटलं होतं. पुढचं वाक्य काय हे मला झोपेत उठवलं तरी आलं असतं, म्हणून त्यानं तोंड उघडायच्या आत मी खालून म्हटलं, "हे कार्य एका रात्रीत घडलेलं नाही."

"हे कार्य..." तो अडखळला. "हे कार्य एका रात्रीत घडलेलं नाही."

बायकांत खुसखुस झाली. आमच्या मंडळीतले म्हातारे नट मागे उभे होते. त्यांतला एक मोठ्यानं खोकला.

"यामागे अनेक अदृश्य हात आहेत," मी म्हटलं, "आणि अत्यंत नम्रपणे सांगतो, त्यांतला एक माझा आहे."

त्यानं कागदाकडे पाहिलं. कागदावर जे होतं ते होतं, माणूस करणार काय. "यामागे अनेक अदृश्य हात होते. आणि अत्यंत नम्रपणे सांगतो... त्यांतला एक माझा होता. या महान कलावंताला पहिलं व्यासपीठ मी दिलं."

आता लोक उघड हसत होते. माइक नव्हता मला, पण शाळांच्या मैदानांवर वाऱ्याशी भांडून कमावलेला घसा आहे माझा. मी उठून बसले, चष्मा नाकावर ढकलला आणि म्हटलं, "तहान ही केवळ घशाची नसते, बंधूंनो."

तो घाईघाईनं कागदावर खाली सरकला, ते वाक्य टाळून दुसरं कुठलं धरता येतंय का ते बघायला, पण तोंडातून तेच निघालं. "तहान ही केवळ घशाची नसते. संस्कृतीचीही..."

पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. मांडवाबाहेरचे आमचे लोक हसत होते, फाटकाबाहेरच्या सामो बाया भिंतीवर चढून हसत होत्या, यांबा काठीवर वाकून हसत होता. निकिएमानं पान उलटलं.

"पान उलटू नका साहेब," मी म्हटलं. "मधे टाळ्यांची जागा आहे."

आणि त्याला राग आला.

"बाहेर काढा हिला," तो ओरडला. माइक सुरूच होता, त्यामुळे शेजारच्या गावालाही ऐकू गेलं असेल. "ओढून काढा. पोलीस कुठं आहेत? ही काय मयताची रीत आहे?"

हसणं थांबलं. असं थांबलं की लाऊडस्पीकरची घरघर तेवढी राहिली. पोलिसानं मान खाली घातली. तोही मोशीच होता. आमच्यात माणसं एकमेकांचे बैल चोरतात, बायका पळवतात, पण मयतात थट्टेच्या नात्यावर कुणी डोळे वटारत नाही. त्या अंगणात असं कुणी पाहिलं नव्हतं.

यांबा सावकाश पुढे आला. "साहेब, तुम्हाला राग आला?"

"मी इथं राष्ट्राच्या वतीनं..."

"ते असू दे. राग आला का, ते विचारतोय."

निकिएमाला तेव्हा कुठं कळलं आपण काय केलं. तो हसायला गेला, पण उशीर झाला होता. यांबानं फक्त मान हलवली. "आमच्या भावाला मूठमाती द्यायला राग घेऊन आलेला माणूस आम्हाला चालत नाही."

तो तरी जाईना. कागद घट्ट धरून उभाच. पाहुणे बघताहेत, आता मागे फिरायचं कसं, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. तेव्हा बायकांमधून पोको उठली. तिच्या हातात मडकं होतं, कबरीवर शिंपडायच्या पाण्याचं. ती चालत आली आणि त्याच्यासमोर थांबली, नोबिला त्या दिवशी माझ्यासमोर थांबला होता तशी. मला खड्ड्यात कळलं ती काय करणार आहे आणि मी उठून उभी राहिले.

पोकोनं मडकं जरा वर धरलं.

"साहेब, आता तुम्ही निघा," ती म्हणाली. "तुम्ही उभे आहात तोवर पाणी यायला लाजतंय."

इतक्या वर्षांत ते वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. एका बटणानं ते गिळलं होतं. आमच्या म्हाताऱ्या नटांनी टोप्या काढल्या. निकिएमानं माझ्याकडे पाहिलं, मग पोकोकडे. त्याला ते कुठलं वाक्य आहे हे कळलं असं मला वाटतं, कारण तो एकदम पांढरा पडला. कागद खिशात कोंबला आणि गाडीकडे गेला. मखमली उशी तिथंच राहिली. संध्याकाळी त्यावर बकरी बसली होती.

"हं, खंडणी बोल," यांबा मला म्हणाला.

"टोपी."

"घे आणि वर ये. माझ्या भावाला ऊन लागतंय."

मला वर ओढायला पोकोनं हात दिला. मग नोबिला खाली गेला आणि सगळ्यांनी माती टाकली. मीही टाकली आणि नियमाप्रमाणे म्हटलं, की बरं झालं, एक गुलाम कमी झाला, खायला फार लागायचं याला. लोक हसले. गुलामासाठी मालकिणीनं रडायचं नसतं, अशी आमची रीत आहे आणि ती कुणी केली त्याला माझं दुःख काय ठाऊक.

रंगभवनाला त्याचं नाव लागलेलं नाही. लागणारही नाही. त्या जागी आता निकिएमाच्याच कुणा गुरूचं नाव आहे म्हणे.

माणसं पांगल्यावर पोको भिंतीशी टेकून बसली. मी तिला दारूचा तुंबा दिला, तिनं तो हातात नुसताच धरला.

"आवाज लागला का गं मला?" तिनं विचारलं. "मी कधी इतक्या लोकांसमोर बोलले नव्हते. त्याला ऐकू गेलं असेल का?"

मी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

"शेवटच्या रांगेपर्यंत गेलं," मी म्हटलं.